अंगावर काढू नका, केसपेपर काढा

लोकलने कल्याणच्या पुढे जा किंवा एसटीने कुठल्याही तालुक्याच्या गावात शिरा, रुळालगतच्या आणि स्टँडमागच्या भिंतींवर ती रंगवलेली पाटी दिसतेच. ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’, खाली मोबाइल नंबर आणि दर अमुक वारी अमुक लॉजमधली खोली. अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याच्या यादीत उपदंश आणि परमा यांची नावे चक्क लिहिलेली आहेत. तरी पाटी टिकून आहे, कारण हा धंदा मोठा सोयीचा आहे. गुण आला तर गिऱ्हाईक पैसे देते. गुण आला नाही तर लाजेपोटी तोंड उघडत नाही, मग पोलिसात जाण्याची गोष्टच सोडा.

पण त्या पाटीवाल्याकडे ‘गुण’ येतो, ही खरी अडचण आहे. कसा, ते समजून घेऊ. या रोगांबद्दलचे निम्मे गैरसमज तिथेच आहेत.

उपदंश, म्हणजे बोलीभाषेत गर्मी. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी (कधी दहा दिवसांत, कधी तीन महिन्यांनीही) जननेंद्रियावर, गुदद्वारापाशी किंवा तोंडात एक चट्टा उठतो. कडा टणक असतात आणि बहुधा तो दुखत नाही. जांघेत अवधाण येते. माणूस घाबरतो, लॉजवरच्या खोलीत जातो, पुड्या घेऊन येतो. तीन ते सहा आठवड्यांत चट्टा नाहीसा होतो. भस्म लावा, मलम लावा, अंगारा लावा किंवा काहीही लावू नका, तो जाणारच असतो. पुड्या देणाऱ्याचे नाव होते आणि जंतू रक्तात शांतपणे राहून जातो. पुढे काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहातांवर आणि तळपायांवर पुरळ येते. त्याला खाज नसते, म्हणून ते उष्णतेच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या खात्यावर जमा होते. तेही आपोआप जाते. त्यानंतर वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही. उपचार न झालेल्यांपैकी काहींना बऱ्याच वर्षांनी हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी, मेंदू नाहीतर डोळे दगा देतात. मेंदू आणि डोळ्यांना तर सुरुवातीच्या काळातही धोका असतो.

म्हणून पहिली गोष्ट पक्की धरा: लक्षण गेले म्हणजे रोग गेला, असे इथे होत नाही. चट्टा येऊन गेला असेल, मग तो चार महिन्यांपूर्वी का असेना, व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही रक्ततपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती होते. संसर्ग एका वर्षाच्या आतला असेल तर बेन्झाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटचा एकच डोस पुरतो. जुना असेल किंवा नेमका केव्हाचा ते सांगता येत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन डोस लागतात. मज्जासंस्थेवर परिणाम झाला असेल तर उपचार वेगळा असतो आणि तो रुग्णालयातच होतो. १९४३ पासून पेनिसिलिन उपदंशावर वापरात आहे आणि या जंतूने त्याला दाद दिली नाही, असे अजून झालेले नाही. इंजेक्शनच्या दिवशी रात्री ताप, अंगदुखी आली तर बिचकू नका, जंतू मरतानाची ती प्रतिक्रिया असते आणि दिवसभरात ओसरते. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आधी कधी आली असेल तर मात्र सुई टोचण्यापूर्वी सांगा.

उपचाराचे कागद जपून ठेवा, हे एक जाता जाता. टीपीएचए ही दुसरी चाचणी रोग बरा झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह येत राहते. आखातात नोकरीला जाणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीत उपदंशाचीही चाचणी असते. तिथे ‘पूर्ण उपचार झाला’ हे दाखवायला हातात कागद असलेला बरा.

परम्याची गोष्ट नेमकी उलट आहे. लघवीला आग, पू, दोन-चार दिवसांत जीव नकोसा, त्यामुळे पुरुष लगेच हालचाल करतो. पण दवाखान्याकडे नाही, मेडिकलवाल्याकडे. ‘लघवीला जळजळ आहे, एक स्ट्रिप द्या’ म्हटले की समोरचा जे हाताला लागेल ते देतो. परम्याच्या जंतूने गेल्या ऐंशी वर्षांत एकामागून एक औषधे निकामी केली. सल्फा गेले, साधे पेनिसिलिन गेले, सिप्रोफ्लॉक्सॅसिनही गेले. अर्धवट डोसांनी त्याला आणखी तालीम देण्याचे काम आपण काउंटरवर उभे राहून करतो. शिवाय परम्याबरोबर क्लॅमिडिया नावाचा दुसरा संसर्ग बऱ्याचदा असतो आणि त्याला वेगळे औषध लागते. ते मेडिकलवाल्याला ठाऊक नसते आणि ते ठाऊक असणे हे त्याचे कामही नव्हे.

मग जायचे कुठे?

जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाने लैंगिक आजारांचे केंद्र चालते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि आपल्याकडे महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था (मुंबईत मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था) ते पाहतात. पाटी सापडली नाही तर पुरुषांनी त्वचारोगाची ओपीडी विचारावी, बायकांनी स्त्रीरोगाची. केसपेपरच्या खिडकीवर ‘काय होतंय’ असे विचारलेच तर ‘स्किनला दाखवायचंय’ एवढे उत्तर पुरते. रांगेतल्या मागच्या माणसाला तुमचा इतिहास सांगायची गरज नाही. आत समुपदेशक असतो. तो जे विचारेल ते मात्र खरे सांगा: शेवटचा संबंध कधी, कुणाशी, कंडोम होता का, तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटे संबंध होता का. घशाचा आणि गुदद्वाराचा संसर्ग विचारल्याशिवाय कळत नाही. लाजून लपवले तर तपासणी चुकीच्या जागेची होते. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांनाही इथे तोच हक्क आहे आणि तीच औषधे. कुणी तोंड वाकडे केले तर वरिष्ठांकडे जा, उपचार सोडू नका.

अनेक वेळा डॉक्टर प्रयोगशाळेची वाट न पाहता लक्षणांवरून त्याच दिवशी औषध देतात. ते घाईचे काम नाही, मुद्दाम ठरवलेली पद्धत आहे. कारण आज रिकाम्या हाताने परत गेलेला रुग्ण उद्या रोज बुडवून परत येईल, याची खात्री नसते. यासाठी रंगांची पाकिटे वर्षानुवर्षे ठरलेली आहेत. स्रावासाठी करडे, अंगावरून जाण्यासाठी हिरवे, चट्ट्यासाठी पांढरे, नागिणीसारखे फोड असतील तर लाल, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळे. पाकिटात पूर्ण डोस मोजून ठेवलेला असतो. बरे वाटले म्हणून अर्धे पाकीट फडताळात ठेवू नका आणि शेजाऱ्याला तर मुळीच देऊ नका. रक्ताची चाचणी त्याच भेटीत सांगतात. ती टाळू नका.

या पद्धतीत एक मोठे भोक आहे. लक्षण असेल तरच ती चालते आणि बायकांच्या बाबतीत लक्षण असतेच असे नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला तेव्हा जगभर खळबळ उडाली. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि सरासरी काढली तर दर बाईमागे ३.६ आजार. जननमार्गाचा संसर्ग त्यात निम्म्याइतका. आधी कधी तपासणी वा उपचार झालेल्या होत्या अवघ्या आठ टक्के. यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आकडा वेगळाच आहे: ४५ टक्के बायकांची काही तक्रारच नव्हती. तोवर सरकारी योजनांच्या लेखी गावातल्या बाईची प्रकृती म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. त्यापलीकडे तिला काही होत असेल, असे कुणी विचारलेच नव्हते.

आजही आशाताईंना विचारा. ‘कंबर दुखते’, ‘अशक्तपणा आहे’ अशा वाटेनेच बाई अंगावरून जाण्याच्या तक्रारीपर्यंत येते, तेही घरातली माणसे बाहेर गेल्यावर. म्हणून बायकांसाठी थोडे विस्ताराने. थोडासा पांढरा स्राव, पाळीच्या मधल्या दिवसांत जास्त, हा आजार नव्हे. दह्याच्या कवडीसारखा स्राव आणि खाज, माशासारखा वास, हिरवट-पिवळा रंग, संबंधाच्या वेळी दुखणे किंवा रक्त जाणे, ओटीपोटात कळा आणि ताप, यांतले काही असेल तर दाखवा. आणि एक गोष्ट नवऱ्यांनी आणि सासवांनी नीट वाचावी. अंगावरून पांढरे जाणे हा दरवेळी लैंगिक आजार नसतो. बुरशी किंवा योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडणे, ही कारणे बाहेरून कुणी ‘आणावी’ लागत नाहीत. मधुमेहाने, अँटिबायोटिकच्या डोसाने, गरोदरपणातही तसे होते. डेटॉल, तुरटी, लिंबू असल्या कशानेही आतून धुऊ नका. त्याने बिघडलेला तोल आणखी बिघडतो. बाहेरून साधे पाणी पुरे.

आता ज्या ठिकाणी बहुतेक उपचार फसतात तिथे येऊ. पती पुण्याला किंवा मुंबईला कामाला, पत्नी गावी. त्याने तिकडे इंजेक्शन घेतले, बरा झाला, गणपतीला गावी आला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा आग सुरू. डॉक्टर वाईट, औषध नकली, असा निष्कर्ष निघतो. औषध चांगले होते. ते एकाच माणसाने घेतले. लैंगिक आजारात रुग्ण एक नसतो, निदान दोन असतात आणि दुसऱ्याला काही होत नसले तरी तो रुग्णच असतो. दोघांचा उपचार होऊन डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत (पुष्कळ आजारांत एका आठवड्याची) संबंध ठेवायचा नाही.

हे घरी सांगायचे कसे? लांबण लावू नका. ‘मला इन्फेक्शन निघालंय. डॉक्टर म्हणाले, दोघांनी औषध घ्यायचं. तुला काही त्रास नसला तरी चल, उद्या तुझाही केसपेपर काढू.’ एवढे पुरे. ‘कुठून आलं?’ हा प्रश्न येणारच. खरे उत्तर द्यायचे की नाही, हा तुमच्या संसाराचा विषय आहे, त्यात मी पडत नाही. पण औषध लपवणे हा फक्त तुमचा विषय नाही. तुम्ही सांगणारे नसून ऐकणारे असाल तर हेही ठाऊक असू द्या की क्लॅमिडिया किंवा ट्रायकोमोनास (हाही लैंगिक संसर्गच) कित्येक महिने काही न दाखवता राहू शकतात. ज्याला आधी लक्षण दिसले त्यानेच रोग आणला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. घरात मारहाणीची, हाकलून देण्याची भीती असेल तर आधी समुपदेशकाला सांगा. जोडीदाराला क्लिनिकमध्येच बोलावून सांगण्याची सोय होते.

गरोदरपणात उपदंशाची आणि एचआयव्हीची तपासणी पहिल्याच भेटीत झाली पाहिजे. हिमोग्लोबिनबरोबर ती होतेच असे गृहीत धरू नका. माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद आहे का ते स्वतः पाहा आणि नसेल तर नर्सबाईंना विचारा. उपचार न झालेल्या उपदंशाने पोटातच मूल दगावू शकते किंवा आजार घेऊन जन्मू शकते आणि हे एका वेळेवरच्या इंजेक्शनने टळू शकते. गरोदर बाईला पेनिसिलिनऐवजी दुसरे औषध चालत नाही, म्हणून पीएचसीत ‘इंजेक्शन नाही, गोळ्या घ्या’ म्हटले तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.

‘सरकारी दवाखान्यात गेलं की नाव वर जातं’, ही भीती मी फार ठिकाणी ऐकते. वर काय जाते ते सांगते. केंद्रातून दर महिन्याला जो अहवाल जातो त्यात आकडे असतात: किती पुरुष, किती बायका, कोणत्या वयाच्या, कोणत्या लक्षणाच्या, किती जणांची रक्ततपासणी झाली, किती जोडीदार आले. त्यावर कुठे किती पाकिटे पाठवायची, कुठे समुपदेशक कमी पडतो, हे ठरते. लॉजवरच्या खोलीत उरकलेला आणि मेडिकलच्या काउंटरवर मिटवलेला आजार या मोजणीत येत नाही. खासगी दवाखान्यातलाही बराचसा निसटतो. म्हणून एखाद्या जिल्ह्याचा आकडा वाढला की वर्तमानपत्रात जी ओरड होते, तिच्याकडे मी जरा सावधपणे पाहते. तिथे रोग वाढला असेल किंवा माणसे अखेर दवाखान्यात येऊ लागली असतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० मध्ये जगभर परमा, क्लॅमिडिया, उपदंश आणि ट्रायकोमोनास या बऱ्या होणाऱ्या चार रोगांचे ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग झाले. दिवसाला दहा लाखांहून जास्त. रांगेत तुम्ही एकटे नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत तर कायदाच आहे. २०१७ चा हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल इतरांना सांगता येत नाही, या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही की शाळेतून मुलाचे नाव कमी करता येत नाही. जोडीदाराला डॉक्टर परस्पर सांगू शकतात ते फक्त ठरलेल्या अटींवर. आधी तुम्हाला समजावून, तुम्ही सांगणार नाही अशी खात्री पटल्यावर आणि तुम्हाला कल्पना देऊन. त्यातून बाईवर हिंसा होईल अशी शक्यता असेल तर तेही नाही. लैंगिक आजार असलेल्याने एचआयव्हीची चाचणी करावीच, कारण चट्टे आणि सूज असताना एचआयव्हीचा शिरकाव सोपा होतो. पहिला निकाल निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा करा. आणि कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, असे काही घडले तर ७२ तासांच्या आत, खरे तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, मोठे रुग्णालय गाठा. त्यानंतर २८ दिवस घ्यायच्या गोळ्यांनी संसर्ग रोखता येतो. चौथ्या दिवशी त्या गोळ्यांचा उपयोग नाही.

प्रतिबंधाचे बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. कंडोम पाकिटात मागच्या खिशात महिनोन्‌महिने दाबून ठेवू नका, तारीख पाहा. वंगण म्हणून खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावू नका. त्याने लॅटेक्स कमजोर होऊन फाटते. पाण्यातले वंगण मेडिकलमध्ये मिळते. तांबी, गोळ्या, नसबंदी यांनी दिवस राहत नाहीत, संसर्ग मात्र होतो. नागीण, मस किंवा उपदंशाचा चट्टा कंडोमने न झाकलेल्या जागी असेल तर धोका उरतोच, तरी कंडोम नसण्यापेक्षा तो असणे केव्हाही बरे. हिपॅटायटिस बी ची लस लहानपणी झाली नसेल तर मोठेपणी तीन डोसांत घेता येते. मस आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण असलेल्या एचपीव्हीवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ती संबंध सुरू होण्याआधी, नऊ ते चौदा या वयात दिलेली चांगली. मुलीला लस द्यायची म्हणजे तिला ‘परवानगी’ द्यायची, असा अर्थ काढणाऱ्यांशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही.

सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून वेश्याव्यवसायातल्या बायका १९९२ पासून एकमेकींना कंडोम आणि माहिती पुरवत आल्या. ज्यांच्याकडे बोट दाखवून गृहस्थ मोकळे होतात, त्यांनी बचावाचा धडा गृहस्थांच्या कितीतरी आधी गिरवला.

घरात वयात आलेली मुले असतील तर सरकारी रुग्णालयांतल्या ‘मैत्री क्लिनिक’ची माहिती त्यांना द्या, तिथे त्यांना एकटे बोलू द्या. अठराच्या आतल्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे दिसले तर डॉक्टरांना पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावे लागते आणि अठराच्या आतल्यांचा संबंध संमतीचा असला तरी कायदा तो अत्याचारच धरतो. हे आधी माहीत असावे, पण त्या भीतीने आजारी लेकराला घरी बसवू नये.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढून १९५३ पर्यंत, खटले अंगावर घेत, या विषयांवर उघडपणे लिहिले. त्यांच्या मासिकाची पहिली कितीतरी वर्षे पेनिसिलिन नव्हतेच. आज औषध जिल्हा रुग्णालयात फुकट आहे. जवळचे केंद्र कुठे ते ठाऊक नसेल तर १०९७ या नंबरवर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत आणि तुमचे नाव सांगावे लागत नाही.